पेट्रोल-डिझेलचे दर आणि आपली गळाची मासेमारी: पैसा नक्की जळतो कुठे?

खाडीवेडा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर सरत आला. समुद्र निवळलाय, पण आमच्या पुण्याच्या ग्रुपात अजून एकही ट्रिप ठरलेली नाही. विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, "आता परवडत नाही." आणि 'परवडत नाही'चा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात 'नाखवा (होडीवाला) भाडं फार सांगतो' असाच आहे. मला ते पटेना म्हणून काल कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पुण्याहून ताम्हिणी-माणगावमार्गे दापोली, तिथल्या तिथे थोडं फिरणं धरून जाऊन-येऊन ४२० किलोमीटर. घाटात, सामानासकट गाडी लिटरला १५ देते. म्हणजे २८ लिटर. पेट्रोल १०४ धरलं तर एका गाडीचे २,९१२ रुपये. आम्ही सहा जण, रॉड, शीतपेटी, बॅगा यांच्यामुळे नेहमी दोन गाड्या. झाले ५,८०० च्या वर.

आता होडी. दोन सिलिंडरची डिझेल मशीन असलेली फायबरची होडी, आरामात चालवली तर तासाला तीनेक लिटर. गळ टाकून बसलो की मशीन बंद. सकाळी सहाला निघून दुपारी तीनला परत आलो तरी प्रत्यक्ष मशीन चालते पाचेक तास. १५ लिटर, डिझेल ९१ धरलं तर १,३६५ रुपये.

म्हणजे समुद्रात जेवढं इंधन जळलं त्याच्या चौपटीहून जास्त आपण ताम्हिणीत जाळलं. आणि किनाऱ्यावर उभं राहून पाचशे रुपये कमी करायला कुणाला सांगतो? नाखवाला.

मला हे टोचलं, म्हणून धागा काढला. तुमचे हिशेब कसे बसतात? ट्रिपा कमी केल्यात की पद्धत बदललीत? सविस्तर लिहा.

---

बोरिवलीकर

हिशेब चांगला मांडलाय, पण तो खाडी आणि किनाऱ्याजवळच्या खडपांचा (पाण्याखालच्या खडकांचा) आहे. आम्ही जिगिंग-पॉपिंगला (बनावट आमिष पाण्यात खेळवून मोठा मासा धरायला) लांब जातो, पंधरा-वीस सागरी मैल. तिथे दोन सिलिंडरची मशीन चालत नाही. जायला तीन तास, यायला तीन तास, मग मासे पकडायचे कधी? दोन आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिनं) लावलेली बोट लागते. ४० हॉर्सपॉवरची दोन टू-स्ट्रोक इंजिनं जोरात चालवली की तासाला ३०-३५ लिटर पेट्रोल सहज. चार तास पळवली की १२,५०० च्या पुढे फक्त इंधन, शिवाय पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल. बोरिवलीहून बंदरापर्यंतचं गाडीचं पेट्रोल त्यापुढे किरकोळ आहे.

तेव्हा 'पैसा रस्त्यावर जळतो' हे सरसकट नाही. लांबचा कोकर किंवा मोठी सुरमई हवी असेल तर पैसा पाण्यातच जळतो.

---

खाडीवेडा

मान्य. शीर्षकात 'खाडी आणि जवळचा समुद्र' असं हवं होतं. तरी एक विचारतो: दर वेळी वीस मैल जायलाच हवं का? बारा-पंधरा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यातल्या खडपांवर हेकरू आणि तांबोशी हे मासे मिळतातच की.

---

बोरिवलीकर

मिळतात, पण ती वेगळी मासेमारी. ज्याला पाण्याच्या वरच्या थरात पॉपरवर (पाण्यावर उडवत आणायच्या बनावट आमिषावर) झडप बघायची चटक लागलीय त्याचं मन तळाच्या गळावर रमत नाही. आम्ही उपाय केला तो असा की लांबची ट्रिप वर्षातून मोजक्या वेळा, पण दोन दिवस सलग, बोटीवरच मुक्काम. जाण्या-येण्याचं पेट्रोल एकदाच जळतं आणि पहाट-संध्याकाळच्या दोन्ही वेळा दोनदा मिळतात. दर रविवारी धावण्यापेक्षा हे बरं.

---

यंत्रवेडा

आउटबोर्ड दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला साधारण १० हॉर्सपॉवरमागे तासाला चार लिटर पितं. जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्त, फोर-स्ट्रोक थोडं कमी. पण किती पितं यापेक्षा कसं चालवता हे महत्त्वाचं. बोट एकदा पाण्यावर नीट उचलली गेली की थ्रॉटल थोडं मागे घ्या, तिसरा हिस्सा तरी पेट्रोल वाचतं. आणि साध्या होडीला, जी पाणी कापतच जाते, तिला तिच्या वेगापेक्षा जास्त ढकलायला गेलात तर नुसता मागचा फेस वाढतो, वेग वाढत नाही. सगळं डिझेल त्या फेसात जातं. एक-दोन नॉट कमी करा आणि फरक बघा.

तळ बघता का कधी? शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढलेली होडी, किंवा दगडाला लागून एक पातं वाकलेला पंखा, हे दोन्ही गुपचूप डिझेल खातात. बोट भाड्याने घेताना ओहोटीला किनाऱ्यावर टेकलेली असेल तर एकदा वाकून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांची स्वतःची छोटी बोट आहे त्यांच्यासाठी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे तेवढ्याच अंतराला पेट्रोल थोडं जास्त लागणार. ते एक वेळ चालेल. खरा त्रास वेगळाच आहे. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकी अर्धी भरून ठेवली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. तसं इंजिन चालू केलं की पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो. लिटरमागे चार रुपये वाचवायच्या नादात जुनं साठवलेलं पेट्रोल वापरून अख्खं इंजिन उघडायला लावलेले लोक मी दर ऑगस्टमध्ये बघतो.

मेअखेर टाकी रिकामी करा, ते पेट्रोल गाडीत घाला. कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. एवढं केलं तरी खूप झालं.

---

नवखा_गळवाला

खूप उपयुक्त माहिती. मी टाकी अर्धी भरून ठेवतो... या रविवारीच बघतो.

---

दर्यावरचा

मालवणचा आहे. घरची होडी, वडील आणि मी पावण्यांना (पाहुण्यांना) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला नेतो. धागाकर्त्यांचे आभार, कारण आमची बाजू पहिल्यांदाच कुणीतरी आकड्यात मांडली.

काही गोष्टी सांगतो. लोकांना वाटतं मच्छीमाराला डिझेल स्वस्त मिळतं, मग आम्हाला पूर्ण भाव का लावता? मासेमारी करणाऱ्या यांत्रिक बोटींना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, हे खरं. पण आधी पूर्ण पैसे भरून डिझेल घ्यायचं, मग सहकारी संस्थेमार्फत प्रस्ताव जायचा, मग केव्हातरी पैसे यायचे. तोही ठरलेल्या कोट्यापुरता आणि मासेमारीसाठी. पावण्यांना नेणाऱ्या आमच्या होडीला पंपावरचाच भाव. आणि २०२२ च्या मार्चमध्ये घाऊक खरेदीचं डिझेल लिटरमागे एकदम २५ रुपयांनी चढलं तेव्हा संस्थांचे पंप घाऊक गिऱ्हाईक म्हणून धरले गेले. बाहेरच्या पंपावर स्वस्त आणि मच्छीमारांच्या पंपावर महाग अशी पाळी आली. त्या दिवसांत वडील कॅन घेऊन बाहेरच्या पंपाच्या रांगेत उभे राहायचे.

दुसरं म्हणजे सीझन. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावण्यांच्या होड्या बंद. मशीनचं काम, होडीचा रंग, विमा, परवाना हे सगळं उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत काढायचं. डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर पंधरा लिटरला पंचाहत्तर रुपये वाढतात. तेवढ्यासाठी आम्ही भाडं वाढवत नाही. वाढवतो तेव्हा खलाशाची मजुरी, बर्फ, आमिषाची कोळंबी असं सगळंच वाढलेलं असतं.

वडिलांचं एक म्हणणं आहे, ते तसंच लिहितो: "पावण्यान पैशे कमी दिले तरी चलात, पण माका जागो दाखवूक लावून मगे तेंचे फोटो सगळ्यांका नको पाठवू." जीपीएसवर खुणा करून नेतात आणि पुढच्या वेळी दुसरी होडी घेऊन त्याच खडपावर येतात. नाखवाला ती जागा शोधायला कित्येक वर्षं डिझेल जाळावं लागलेलं असतं. ते तुमच्या भाड्यात कुठेच धरलेलं नसतं.

---

खाडीवेडा

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. आमच्याकडून तरी कुणाच्या जागेची खूण बाहेर जाणार नाही, हे ग्रुपात आजच बोलतो.

---

वाशिष्ठी

इंधन वाचवायचं सगळ्यात जुनं साधन फुकट आहे, ते म्हणजे भरती-ओहोटी. दाभोळच्या खाडीत लहानपणापासून होडीत बसतोय. आजोबांची होडी वल्ह्यांची होती, त्यामुळे पाण्याविरुद्ध जाणं त्यांना शक्यच नव्हतं. मशीन आल्यावर आपण ते विसरलो.

तिथीच्या पाऊणपटीत भरतीची वेळ येते हे कोकणात बहुतेकांना माहीत असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. सहा तासांनी ओहोटी पूर्ण, पुन्हा सहा तासांनी भरती. दक्षिणेला मालवणकडे थोडं आधी होतं, पण अंदाजाला पुरेसं.

आता दिवसभराची ट्रिप घ्या. अष्टमीला सकाळी सहाला भरती पूर्ण होते. तुम्ही निघता तेव्हा पाणी खाडीतून बाहेर चाललेलं असतं, तेच तुम्हाला तोंडापर्यंत नेतं. दुपारी बारानंतर पाणी आत शिरायला लागतं आणि दोन-तीनला परत फिरलात की तेच घरी आणून सोडतं. दुपारी खारा (समुद्राकडून येणारा) वारा सुटलेला असतो, तोही पाठीवर. पहाटेचा मतलई (जमिनीकडून येणारा) वारा जाताना पाठीवर. चारही गोष्टी तुमच्या बाजूने.

आता हीच ट्रिप पौर्णिमेला करा. सकाळी सहाला ओहोटी संपलेली, निघताना भरती तोंडावर. परतताना तीन वाजता ओहोटी तोंडावर. आणि ते उधाणाचं पाणी, जोर दुप्पट. अरुंद खाडीत लहान मशीनला त्याच अंतराला दीडपट वेळ लागलेला मी पाहिलाय. बहुतेक लोक रविवार बघून ठरवतात, तिथी बघत नाहीत.

एक प्रामाणिकपणे सांगतो: अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) असतो, पाणी मंद असतं, आणि काही मासे मंद पाण्यात खात नाहीत. जिताड्याला धावतं पाणी लागतं. तेव्हा जिताडा हवा असेल तर उधाणाच्या दिवशी दिवसभर फिरू नका, खाडीतच एखाद्या वळणावर नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघा. मशीन बंद, मासा स्वतः येतो.

---

नवखा_गळवाला

शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित का?

---

वाशिष्ठी

हो, दोन्हींना. प्रतिपदेपासून मोजायचं. रोज भरती साधारण ४८-५० मिनिटांनी पुढे सरकते. पण बोट घेऊन निघणार असाल तर छापील भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा, पाऊणपट घरी बसून बेत आखायला.

---

कातळावरची

रत्नागिरीची. सगळे बोटीबद्दलच बोलताय म्हणून लिहिते.

मी बोटीने जातच नाही. स्कूटर, एक काठी, खांद्याला पिशवी. भाट्याच्या वाळूत मुडदुशी, खाडीच्या तोंडाला पालू, मिऱ्याच्या बाजूला कातळावरून कधी कोकर, कधी तांबोशी. स्कूटरमधलं लिटरभर पेट्रोल पुरतं आणि उरतं. मुडदुशीला बारीक दोरी, लहान गळ, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि हलकं शिसं. शिसं वाळूवर हळूहळू ओढत आणायचं, मध्ये थांबायचं. टक-टक असे दोन झटके बसतात, तिसऱ्याला उचलायचं. ज्याने हे एकदा अनुभवलं त्याला मोठ्याच माशाची हाव राहात नाही, असं माझं मत.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एक दिवस बोट घ्या, दुसरा दिवस किनाऱ्यावर काढा. गाडीचं पेट्रोल दोन दिवसांवर वाटलं जातं. पण कातळावर उभं राहताना पाठ समुद्राकडे करू नका, आणि पावसाळ्यात किंवा उधाणाला तर नकोच. फुकटची जागा म्हणून लोक बेफिकीर होतात आणि लाट सांगून येत नाही.

---

ठाणेकाका

कोकण रेल्वे कुणालाच आठवली नाही? चार तुकड्यांची ट्रॅव्हल रॉड घ्या, पिशवीत मावते. कुडाळला उतरायचं, तिथून एसटीने तासाभरात मालवण. सहा जण दोन गाड्यांनी मालवणला जाणार, म्हणजे मुंबईपासून जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर, त्या पैशात सहाही जणांचं स्लीपरचं तिकीट, जेवण आणि होडीच्या भाड्यातला मोठा हिस्सा निघतो. शिवाय दिवसभर उन्हात राहून रात्री घाटात गाडी चालवायची जोखीम नाही. आमचा एक जवळचा मित्र अशाच परतीच्या प्रवासात डुलकी लागून अपघातात सापडला. देवाच्या कृपेने वाचला. तेव्हापासून आम्ही रेल्वेच.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तिथी बघून तारीख काढा. वाशिष्ठींचा सल्ला आणि रेल्वे, दोन्ही जुळतं.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथे बेलमार, पॉइंट प्लेझंटसारख्या बंदरांवरून 'पार्टी बोट' निघतात. माणशी तिकीट, अनोळखी तीस-चाळीस लोक एका बोटीवर, काठी आणि आमिष बोटीवरच मिळतं. एकट्या माणसाला अख्खी बोट घ्यावी लागत नाही. २०२२ मध्ये डिझेल भडकलं तेव्हा अनेक बोटवाल्यांनी तिकिटावर इंधनाचा वेगळा अधिभार लावला आणि तो उघडपणे लिहिला. मला ती पद्धत आवडली. भाडं किती आणि इंधन किती हे गिऱ्हाइकाला वेगळं दिसतं. दर उतरले की अधिभार काढायचा. मालवण, मुरुड, हर्णैला माणशी दराची गरवण्याची होडी कुणी ठरलेल्या वारी सुरू केली तर एकट्या-दुकट्यांची सोय होईल.

---

दर्यावरचा

माणशी दर आम्ही करून पाहिला. चार जण यायचे म्हणतात, सकाळी दोघेच येतात. मग त्या दोघांना परत कसं पाठवणार? आगाऊ पैसे घेतले तर होईल. इंधन वेगळं दाखवायची कल्पना मात्र पटली. होडी, माणूस आणि आमिष यांचं एक भाडं, आणि डिझेल जेवढं लागेल तेवढं, निघताना आणि आल्यावर टाकीत पट्टी बुडवून दाखवायचं. म्हणजे पावण्याला लांब जायचं असेल तर तो विचार करून सांगेल.

---

मुळशीकर

एक काळजी वाटते ती मांडतो. खर्च वाढला की 'वसूल' करायची वृत्ती वाढते. माणशी दोन-अडीच हजार घातले म्हणजे तेवढ्याचे मासे घरी यायलाच हवेत, या हिशेबाने लोक वीतभर हेकरू, बोटभर पालूसुद्धा पेटीत टाकतात. आधी सोडून द्यायचे तेच लोक. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मासळीच्या अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, तो जाळ्यांच्या मासेमारीसाठी असेल असं समजून आपण हात झटकतो. पण खडपावरचा हेकरू हळू वाढतो, एकाच जागी राहतो. चार ग्रुपांनी चार रविवार 'वसुली' केली की ते खडप ओकं होतं. मग नाखवाला आणखी लांब न्यावं लागतं, आणखी डिझेल जळतं. आज पिल्लं उचलून वाचवलेला पैसा पुढच्या वर्षी पंपावर द्यावा लागतो.

बाजारात सुरमईचा भाव काय आहे याच्याशी छंदाची तुलना करू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. मासा हवा असेल तर कोळणीकडून घ्या, तिचंही घर चालेल. समुद्रावर जायचं ते समुद्रासाठी.

---

कातळावरची

शंभर टक्के सहमत. घरी दोन माणसांना पुरेल एवढंच ठेवते, बाकी परत.

---

यंत्रवेडा

अजून एक, कळकळीने. इंधन वाचवा, पण राखीव इंधनात वाचवू नका. एक हिस्सा जायला, एक हिस्सा यायला, एक हिस्सा राखीव, हा नियम जगभर पाळतात, तो महागाईत बदलत नाही. 'एवढं कशाला उगाच वजन' म्हणून कॅन किनाऱ्यावर ठेवून गेलेली आणि वारा फिरल्यावर अडकलेली बोट ओढून आणायला दुसरी बोट जाते तेव्हा दुप्पट डिझेल जळतं, आणि दोन बोटींतली माणसं धोक्यात येतात. लाइफ जॅकेट अंगावर, कॅन बोटीत, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. लांब जाणाऱ्यांनी व्हीएचएफ (बिनतारी संच) ठेवावा.

---

बोरिवलीकर

याला पूर्ण अनुमोदन. दूर जाणाऱ्यांनी तर एकूण इंधनातलं अर्धं राखीव धरलं तरी चूक नाही. आमच्या पुढच्या ट्रिपला मीही पट्टी बुडवून मोजायची पद्धत सुचवतो आहे, बोटवाले तयार आहेत.

---

खाडीवेडा

मंडळी, ग्रुपात धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: गाड्या दोनऐवजी एक मोठी, सात आसनी, डिझेलवरची. तिने लिटरला बारा दिले तरी ३५ लिटर, म्हणजे ३,१८५ रुपये. सहा जणांत माणशी ५३१. शनिवार-रविवार मुक्काम, पहिल्या दिवशी होडी, दुसऱ्या दिवशी किनारा. तारीख अष्टमीच्या आसपासचीच. आणि नाखवाशी घासाघीस नाही.

दर्यावरचा, मालवणला पुढच्या वेळी रेल्वेने येतो, तुमच्याकडेच. फोन करताना आधी काय काय सांगितलेलं तुम्हाला बरं पडतं?

---

दर्यावरचा

नक्की या. किती जण, त्यातले पोहता न येणारे किती, तळाला गरवायचं की ल्यूर (बनावट आमिष) ओढायची, आणि लहान मूल आहे का, एवढं आधी सांगा. ल्यूर ओढायची तर मशीन सतत चालू राहते, डिझेल दुपटीच्या आसपास जातं. तळाला गरवायचं तर एकदा नांगर टाकला की संपलं. आमिषाची कोळंबी आदल्या संध्याकाळी घ्यावी लागते, म्हणून दुपारपर्यंत कळवा. यायचं रद्द झालं तरी कळवा.